प्रमाणपत्रासाठी आलेली मुलगी : गोदाकाठच्या एका गावातलं प्रकरण

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. निवृत्त झाल्यावर जालन्यात एका स्वयंसेवी प्रथमोपचार आणि रुग्णवाहिका पथकात शिकवायला लागले. हे प्रकरण त्याच पथकातलं आहे. यातल्या दोन चुका माझ्या आहेत आणि त्या झाकून हे लिहिता येणार नाही. संबंधित मुलगी, तिचे वडील आणि गावातली माणसं यांना विचारूनच लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

मुलगी बावीस वर्षांची. गाव घनसावंगी तालुक्यातलं, गोदावरीच्या अंगाला. वडिलांची तीन एकर कोरडवाहू जमीन, कापूस आणि तूर. बी.ए. झाल्यावर ती पोलीस भरतीची तयारी करत होती, रोज पहाटे डांबरी रस्त्यावर पळायची. भरती हुकलीच तर हाताशी काही असावं म्हणून वाहकाचा बिल्ला काढायचं तिच्या मनात होतं, आणि त्याला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं. तालुक्याच्या गावी एकाने तिला सांगितलं होतं, "पैसे दे, फोटो दे, आठ दिवसांत कागद घरी येईल. वर्गाला बसायची गरज नाही." त्याने मागितलेली रक्कम जास्त होती म्हणून ती आमच्याकडे आली. पहिला प्रश्न हाच होता, "मॅडम, सर्टिफिकेट किती दिवसांत मिळेल?"

आपल्याकडे प्रथमोपचार म्हटलं की सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचं नाव निघतं. बहुतेकांना ते या बिल्ल्याच्या कागदामुळेच माहीत असतं. त्या संस्थेची घडण मात्र लक्षात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये १८७७ साली आधी असोसिएशन निघाली, ती लोकांना शिकवण्यासाठी. दहा वर्षांनी, १८८७ साली, ब्रिगेड निघाली, ती शिकलेल्यांना गणवेश घालून सेवेवर उभं करण्यासाठी. शिकणं आणि सेवेत उतरणं ही दारंच वेगळी ठेवली. आमचं पथक लहान, पण इथेही तीच दोन दारं आहेत. पहिल्या दाराने आलेला माणूस कागद घेऊन जातो. दुसऱ्या दाराने आलेला राहतो, आणि त्याची जबाबदारी आपल्यावर येते. ती किती, हे मला या प्रकरणानंतर कळलं.

आमचा वर्ग आठ रविवारांचा. जालन्यात स्टीलचे कारखाने भरपूर, त्यामुळे निम्मी मंडळी एमआयडीसीतली असतात. तेव्हाच्या कारखाने कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे दर दीडशे कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी ठेवावी लागायची आणि ती प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या ताब्यात असावी लागायची, म्हणून कंपन्या सुपरवायझरना पाठवायच्या. त्या सगळ्या पुरुषांत ही एकटी मुलगी, अंबडला गाडी बदलून दीड-दोन तास प्रवास करून येणारी. पहिले दोन रविवार ती मागच्या रांगेत गप्प बसली.

तिसऱ्या रविवारी छातीदाब होता. पुतळ्याच्या छातीच्या मधोमध तळहात ठेवून पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब. सुपरवायझर मंडळी मिनिटाभरात धापा टाकायला लागली. तिने न थांबता दोन मिनिटं लय धरली, पळण्याची छाती होती. उठताना तिचे डोळे भरलेले होते. चुलतभावाला शेतातल्या मोटारीचा शॉक लागला होता. रात्रीच्या लाइटीला पाणी द्यायला गेला होता तो. लोक जमले, कुणी तळपाय घासले, कुणी कांदा हुंगवला, जीप मिळेपर्यंत पाऊण तास गेला. "मॅडम, एवढंच करायचं होतं का ओ?" ती म्हणाली. मी खोटं बोलले नाही. म्हटलं, वाचलाच असता असं नाही, पण हो, करायचं एवढंच होतं.

त्या दिवसानंतर तिने प्रमाणपत्राचं नाव काढलं नाही.

पहिला निर्णय : तिला पथकात घ्यायचं कसं

परीक्षा बाहेरच्या डॉक्टरांनी घेतली, ती उत्तम पास झाली. मग तिने पथकात यायचं विचारलं. आमच्यात बरीच चर्चा झाली. कुणी म्हणालं, साठ किलोमीटरवरून ड्यूटीला कशी येणार. कुणी म्हणालं, मुलगी आहे, रात्रीअपरात्री कोण पाठवणार. भरती झाली की जाईलच, असंही एक मत होतं.

तीन मार्ग समोर होते. कागद देऊन निरोप द्यायचा. किंवा फक्त यात्रा-मेळाव्यांच्या ड्यूटीला बोलवायचं, जिथे बाजूला अनुभवी माणूस असतो. किंवा तिला तिच्या गावाची प्रथमोपचारक नेमून पेटी द्यायची.

चैत्रातल्या एका यात्रेत आम्ही तिला आधी नेलं. उन्हाने चक्कर आलेल्या बायका, पायांचे फोड, हरवलेली लेकरं, ओआरएसचे पेले. तिचं काम पाहून सगळे खूश झाले, आणि आम्ही घाईने तिसरा मार्ग धरला. कापडी पिशवीत त्रिकोणी पट्ट्या, गॉज, हातमोजे, कात्री, विजेरी भरून दिली. फोटो काढला. गावातली पहिली प्रशिक्षित मुलगी म्हणून मीच चार शब्द बोलले.

इथे मला थांबायला हवं होतं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा आमच्या तुकडीला तिकडे नेलं होतं. आम्ही पोहोचण्याआधीच जे ढिगाऱ्यातून बाहेर निघाले होते, त्यांना शेजाऱ्यांनी काढलं होतं. दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखालून हाताला धरून, पायाला धरून, मिळेल तसं ओढून. पहिला तास गावाच्या हाती असतो हे मी तिथे डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी मी गावाला शिकवलं नाही, एका मुलीला शिकवलं आणि पिशवी तिच्या खांद्याला अडकवली.

ती रात्र

मार्गशीर्षातली थंडी, साखर कारखान्याचा हंगाम. उसाची ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावरच उभी होती, मागे दिवा नाही. मोटारसायकलवरचे दोघे मागून आदळले. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. कुणीतरी पळत तिच्या घरी गेलं, कारण आता गावात "ती शिकलेली" होती.

ती पोहोचली तेव्हा वीस-पंचवीस माणसं जमली होती. एकाच्या पिंढरीतून रक्त वाहत होतं, तो ओरडत होता. दुसरा बेशुद्ध, आणि घोरत होता. लोकांना वाटत होतं घोरतोय म्हणजे झोप लागली, बरा आहे. तिला माहीत होतं की बेशुद्ध माणसाचं घोरणं म्हणजे जीभ मागे पडून श्वासाची वाट अडते आहे. ओरडणाऱ्याकडे सगळे धावले होते, ती गप्प पडलेल्याकडे गेली. हे तिने अगदी बरोबर केलं. एक जण त्याच्या तोंडात पाणी ओतत होता, त्याला तिने हात धरून थांबवलं. दोघांना सोबत घेऊन डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवत त्याला कुशीवर वळवलं. घोरणं थांबलं, श्वास मोकळा झाला.

पिंढरीच्या जखमेत कुणी हळद भरायला निघालं होतं. तिने तिथल्या तिथून ओरडून सांगितलं, नुसतं उपरणं घट्ट दाबून धरा. दाबणारा माणूस मात्र रक्त थांबलं का बघायला दर मिनिटाला उपरणं उचलत होता आणि रक्त पुन्हा सुटत होतं. तिला हात सोडून उठता येत नव्हतं.

१०८ ला फोन लागला. ही सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, ९३७ गाड्या घेऊन. त्यांतल्या २३३ प्रगत सोयींच्या आणि ७०४ प्राथमिक सोयींच्या होत्या. फोन लागतो तो पुण्याच्या केंद्रात. गावातल्या माणसाने सांगितलं, "मारुतीच्या देवळापुढं या, शाळेजवळ." पुण्यात बसलेल्या माणसाला यावरून काय कळणार? जिल्हा, तालुका, गाव हे सांगण्यात दोन-तीन मिनिटं गेली. आणि गाडी किती वेळात येईल, हे विचारलंच नाही. तिनेही नाही, कारण मी ते शिकवलं नव्हतं.

मग या रात्रीचा सर्वांत अवघड क्षण आला. एकाने आपला छोटा हत्ती, म्हणजे लहान मालवाहू टेम्पो, आणून उभा केला. लोक म्हणाले, टाका दोघांना, निघू. ती म्हणाली, हलवू नका, ॲम्ब्युलन्स येते आहे. वर्गात मी हेच वाक्य घोकून घेतलं होतं. "रुग्णवाहिका येईपर्यंत हलवू नका." शहरात हे ठीक आहे. त्या रात्री जवळची गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली होती, आणि पन्नास मिनिटं लागली. अर्ध्या तासाने लोकांचा धीर सुटला. पिंढरीवाल्याला त्यांनी छोट्या हत्तीत घातलं, बेशुद्ध मुलगा तिच्या हाताखाली राहिला. रुग्णवाहिकेत डॉक्टर होते, त्यांनी त्याला नीट नेलं.

पिंढरीवाला वाचला. बेशुद्ध होता तो मुलगा तिसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात वारला. डोक्याला मार होता.

खरी अडचण इथून सुरू झाली

गाव बोलायला लागलं. "त्या पोरीनं अडवून धरलं." "गाडी उभी होती की दारात, कामून नाही नेलं?" पोलीस पंचनाम्याला आले, दोन प्रश्न तिलाही विचारले, तर वडिलांना वाटलं पोरीवर केस होणार. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने अपघातात मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम देशभर बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दावा होत नाही, नाव सांगायचीही सक्ती करता येत नाही. मुलीला हे माहीत होतं, वर्गात झालं होतं. बापाला कुणी सांगितलं नव्हतं. घरात सोयरिकीची बोलणी चालू होती, तीही थंडावली.

तिने पिशवी खुंटीला अडकवली. पहाटे पळायला जाणं बंद केलं, कारण रस्ता तोच होता.

आणि मला हे अकरा दिवसांनी कळलं. तेही अंबडच्या बसमध्ये तिच्या मावशीची गाठ पडली म्हणून. अपघाताचं मी दुसऱ्याच दिवशी ऐकलं होतं. "चांगलं केलंस" असा निरोपही पाठवला होता. फोन केला नाही. वॉर्डात पहिला मृत्यू पाहिलेल्या विद्यार्थिनीला मी कधी रात्रभर एकटी सोडली नाही. या मुलीला अकरा दिवस सोडलं.

मग काय केलं

पथकाचे डॉक्टर आणि मी गावी जायचं ठरवलं. डॉक्टरांचं म्हणणं, ग्रामपंचायतीसमोर सभा घेऊ, डोक्याच्या माराचं समजावून सांगू, पोरीचं नाव निर्दोष होईल. माझं म्हणणं उलट होतं. पिशवी परत घ्यावी, तिला मोकळं करावं, भरतीच्या अभ्यासाला लागू दे. ती वाचेल असं मला वाटत होतं. खरं तर त्यात माझीही सुटका होती.

मुलीच्या वडिलांनी आमची दोन्ही म्हणणी बाजूला सारली. म्हणाले, "सिस्टर, सभा मागून घ्या. पहिलं ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या घरी चला. तिथं न जाता गावात बोललो तर लोक म्हणतील, आपली बाजू मांडायला आले."

शेजारच्या गावात गेलो. मुलगी, वडील आणि मी. डॉक्टरांना मुद्दाम नेलं नाही. ओसरीवर बसलो. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग थोरल्या भावाने तिला विचारलं, "त्याला लई त्रास झाला का?" ती म्हणाली, "दादा, तो शुद्धीत नव्हता. श्वास चालू होता. मी त्याचं डोकं धरून बसले होते, गाडी येईपर्यंत सोडलं नाही." भावाने मान हलवली. त्यांनी आमच्यावर ठपका ठेवला नाही, माफ केलं असंही म्हणाले नाहीत. चहा दिला. आम्ही घेतला आणि उठलो.

परतताना मी तिला विचारलं, पिशवी परत नेऊ का? तिने जे उत्तर दिलं, ते आमच्या पथकात कुणालाही सुचलं नव्हतं. "पिशवी राहू द्या. पण मी एकटी नाही करणार. त्या रात्री माझ्यासारखी अजून चार माणसं असती, तर एकानं उपरणं दाबलं असतं, एकानं फोन नीट केला असता. मला दोनच हात आहेत."

सभा झालीच नाही. त्याऐवजी शाळेत चार गुरुवार संध्याकाळी वर्ग घेतला. आशाताई आली, चहाच्या हॉटेलवाला आला, किराणा दुकानातल्या वहिनी, कॉलेजची दोन पोरं, आणि ज्याने गाडी आणून उभी केली होती तो छोट्या हत्तीचा मालक. पहिल्या दिवशी तो दाराशीच उभा राहिला. त्याचा राग गेला नव्हता, आणि त्याची बाजू रास्त होती. डॉक्टरांनी त्याला सर्वांसमोर सांगितलं की गाडी आणली हे चुकलं नव्हतं, वाट पाहण्याचा आमचा नियम गावाला बेतून केलेला नव्हता. त्यानंतर तो आत येऊन बसला.

शिकवणंही बदललं. १०८ ला फोन केला की आधी जिल्हा, तालुका, गाव, मग रस्ता आणि किलोमीटरचा दगड. शेवटी एक प्रश्न, "किती मिनिटं?" उशीर असेल तर फळीवर बांधून निघायचं आणि गाडीला वाटेत गाठायचं, तेही फोनवर त्यांच्याशी बोलून. गावातल्या सुताराने जुन्या दाराची फळी घासून दिली, तिला तीन पट्टे लावले. हॉटेलवाल्याला फळीवर बांधून छोट्या हत्तीत चढवण्याचा सराव सात-आठ वेळा केला. पहिल्या वेळी तो तिरका होऊन घसरला, पट्टा मांडीवर बांधायला विसरलो होतो. रक्तावर दाबलेलं कापड उचलून बघायचं नाही, भिजलं तर वरून दुसरं ठेवायचं, हे किराणावाल्या वहिनींनी इतकं पक्कं धरलं की आता त्याच इतरांना शिकवतात.

निष्पत्ती

पुढच्या पावसाळ्यात कापसावर फवारणी करताना एका बाईला विषबाधा झाली. मुलगी त्या दिवशी भरतीच्या लेखी परीक्षेला गेलेली होती. आशाताईने हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून तिचे भिजलेले कपडे काढले, अंग साबणाने धुतलं, ओकारी काढायला निघालेल्या सासूला थांबवलं, कुशीवर निजवलं. एका पोराने औषधाची बाटली सोबत घेतली, कारण डॉक्टरांना विष कोणतं हे त्यावरून कळतं. फोनवर "चाळीस मिनिटं" असं उत्तर आलं. छोटा हत्ती निघाला आणि अर्ध्या वाटेत रुग्णवाहिका भेटली. बाई नऊ दिवसांनी घरी आली.

मुलगी वर्षभराने भरती झाली, दुसऱ्या जिल्ह्यात. पिशवी आशाताईकडे आहे. तिच्याबद्दल गावातलं बोलणं पूर्ण थांबलं असं मी म्हणणार नाही. त्या रात्रीचा विषय निघाला की अजूनही कुणीतरी "गाडी होती की" म्हणतंच.

लवकर नेलं असतं तर तो मुलगा वाचला असता का, हे कुणी सांगू शकत नाही. मी डॉक्टरांना तीनदा विचारलं, तिन्ही वेळा त्यांनी हेच सांगितलं. मात्र कुशीवर वळवलं नसतं तर तो रस्त्यावरच गेला असता, असं ते म्हणतात.

वेगळं काय करता आलं असतं

पथकात घेताना दुसरा मार्ग धरायला हवा होता. एक हंगाम तिला अनुभवी माणसाबरोबर ड्यूटीवर ठेवायचं आणि त्या काळात गावातली निदान चार माणसं तयार करायची. आता आमचा नियम असा आहे की गावाला पेटी द्यायची तर पाच जण हवेत, त्यांत गाडीवाला एक हवाच. एकटा आला तर शिकवतो, प्रमाणपत्रही देतो, पण पेटी देत नाही. काही जण नाराज होऊन जातात. जाऊ देतो.

शिकणाऱ्याच्या घरच्यांना एका रविवारी बोलावतो आणि १३४ अ कलम त्यांच्यासमोर वाचतो. कुठल्याही प्रसंगानंतर चोवीस तासांत फोन करायचा आणि आठवड्यात भेटायचं, हे माझ्याकडे दिलं आहे. वहीत तारखेसह नोंद ठेवते.

प्रमाणपत्र तीन वर्षांनी नवं करावं लागतं. गावातल्या मंडळींची मुदत येत्या माघात संपते. मुलीचा फोन आला होता, तिचंही नाव त्याच तुकडीत घालायला सांगितलं आहे. रजा टाकून येणार आहे.

एक गोष्ट आम्हाला फार उशिरा सुचली. ज्या ट्रॉलीवर ते दोघे आदळले तिच्या मागे रेडियमची एकही पट्टी नव्हती, आणि आमच्या आठ रविवारांत यावर एक वाक्यही नव्हतं. मागच्या हंगामात छोट्या हत्तीच्या मालकाने पट्ट्यांची गुंडाळी आणली. संध्याकाळी फाट्यावर उभं राहून तो आणि ती दोन पोरं प्रत्येक ट्रॉली थांबवतात, मागचा धुरळा ओल्या फडक्याने पुसतात, कारण धुळीवर पट्टी चिकटत नाही, आणि दोन्ही कोपऱ्यांना लाल पट्टी लावून गाडी सोडतात.